विक्रांत गेली कुठे?

अड्याळच्या बाजाराच्या दिवशी भंडारा-पवनी रस्त्याला मोटारसायकलींची रांग लागते. तीत एखादी बजाज व्ही १५ उभी असेल, तर तिची पेट्रोलची टाकी जरा निरखून बघा. वरवर ती चारचौघींसारखीच टाकी. पण तिच्या धातूत एका युद्धनौकेचा अंश मिसळलेला आहे. त्या नौकेचा कणा १९४३ साली इंग्लंडात टाइन नदीच्या काठी घातला गेला आणि १९७१ च्या डिसेंबरात तिच्याच पाठीवरून सुटलेल्या विमानांनी चितगाव बंदर हादरवलं. आयएनएस विक्रांत, भारताची पहिली विमानवाहू नौका. ती मुंबईत मोडली गेली, तिचं काही भंगार बजाज ऑटोने विकत घेतलं आणि १ फेब्रुवारी २०१६ ला गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आणताना टाकीत विक्रांतचा धातू वापरल्याचं जाहीर केलं. मुंबईच्या गोदीत अकरा वर्षं संग्रहालय म्हणून उभं राहिलेलं सातशे फुटी जहाज असं गावोगावच्या रस्त्यांवर पांगलं.

अड्याळसारख्या गावाने समुद्राशी काय म्हणून घेणंदेणं ठेवावं, असं वाटेल. इथे पाणी म्हणजे तलाव, बोड्या आणि वैनगंगा. नाव म्हणजे डोंगा. पण नकाशा उघडून पट्टी लावा. अड्याळहून मुंबई सरळ रेषेत सुमारे साडेसातशे किलोमीटर भरते आणि विशाखापट्टणम सव्वापाचशेच्या आसपास. आपण महाराष्ट्रातले म्हणून समुद्र म्हटला की मुंबई आठवते, पण भंडाऱ्याचा जवळचा समुद्र बंगालचा उपसागर आहे. पाण्याला हे आपल्याआधी कळलेलं आहे. अड्याळच्या शिवारात पडलेला पाऊस वैनगंगेला मिळतो, पुढे वर्धा येऊन मिळाली की ती प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी पूर्वेला समुद्रात. विक्रांतने तिचं एकमेव मोठं युद्ध लढलं ते याच समुद्रात.

आता त्या जहाजाची गंमत ऐका. विक्रांत ही टिकण्यासाठी बांधलेलीच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला विमानवाहू नौका हव्या होत्या, त्याही भराभर. मोठ्या नौका बांधायला वेळ नव्हता, जाड चिलखती पोलादही पुरत नव्हतं. म्हणून १९४२ मध्ये एक हलका आराखडा तयार झाला. मालवाहू जहाजं ज्या नियमांनी बांधतात त्याच नियमांनी हा सांगाडा बांधायचा, म्हणजे युद्धनौका बांधायचा अनुभव नसलेल्या गोद्याही कामाला लावता येतील. हिशेब असा होता, की युद्ध संपेपर्यंत किंवा फार तर तीन वर्षं या नौकांनी काम द्यावं, मग खुशाल मोडीत काढाव्यात. अशा नौकांपैकी एकीचं नाव होतं हर्क्युलिस, तीच पुढची विक्रांत. १४ ऑक्टोबर १९४३ ला तिचं काम सुरू झालं आणि २२ सप्टेंबर १९४५ ला ती पाण्यात सोडली, तेव्हा जपानने शरणागती पत्करून तीन आठवडे झाले होते. जिच्यासाठी घाई केली ती लढाईच संपली. अर्धवट अवस्थेत ती दहा-अकरा वर्षं नुसती पडून राहिली.

जानेवारी १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. उरलेलं काम बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत झालं. टायटॅनिक बांधणारी गोदी ती हीच. उशिराचा एक फायदा झाला. मधल्या दहा वर्षांत विमानवाहू नौकांचं तंत्र पार बदललं होतं आणि ते सगळं नवं तंत्र या जुन्या सांगाड्यावर चढवता आलं. ४ मार्च १९६१ ला ब्रिटनमधल्या भारताच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली. प्रीतमसिंग महिंद्रू तिचे पहिले कप्तान. १८ मे १९६१ ला लेफ्टनंट आर. एच. तहिलियानी यांनी तिच्यावर जेट विमान उतरवलं. हेच पुढे नौदलप्रमुख झाले. ३ नोव्हेंबरला ती मुंबईत आली तेव्हा स्वागताला पंतप्रधान नेहरू हजर होते.

तीन वर्षांचा अंदाज धरून काढलेल्या आराखड्याची ही नौका पुढे छत्तीस वर्षं नौदलात राहिली.

विमानवाहू नौका म्हणजे तरंगता विमानतळ, हे वाक्य आपण शाळेपासून वाचतो आणि त्यात कल्पना करण्याजोगं काहीच उरत नाही. आकडे घेऊन बघू. नागपूरच्या विमानतळाची धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे. विक्रांतची एकूण लांबी २१३ मीटर, रुंदी ३९ मीटर. शिवाय विक्रांतच्या पाठीवरच्या या धावपट्टीचा, म्हणजे डेकचा, बराचसा भाग उतरणाऱ्यांसाठी मोकळा ठेवायचा. त्यात ती वरखाली होणार, डावीउजवीकडे झुकणार. एवढ्याशा जागेत जेट विमान उडतं कसं आणि उतरल्यावर थांबतं कसं?

उडण्याचं पहिलं रहस्य वारा. विमानाला उचलतो तो जमिनीवरचा वेग नसतो, पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग असतो. म्हणून विमानं सोडायची वेळ आली की जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळवतात आणि पूर्ण वेगाने हाणतात. विक्रांत २४ नॉटच्या पुढे जायची. समोरून १० नॉटचा वारा असेल तर दोन्ही मिळून ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर. विमान अजून जागचं हललेलंही नाही आणि पंखांना एवढी हवा फुकट मिळालेली असते. उरलेला वेग द्यायचा वाफेने. डेकच्या खाली लांब नळकांडी, त्यात दट्ट्या, आणि डेकला पडलेल्या फटीतून वर आलेली एक कडी. विमान त्या कडीला अडकवायचं आणि बॉयलरमधली दाबलेली वाफ एकदम नळकांड्यात सोडायची. दट्ट्या पुढे झेपावतो आणि गलोलीतून खडा सुटावा तसं विमान समुद्रावर फेकलं जातं. वैमानिकाच्या हाती त्या दोन-तीन सेकंदांत फारसं काही नसतं.

उतरणं त्याहून अवघड. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. आकडा तारेत अडकला की तार विमानाला मागे खेचत थांबवते. अडकला नाही तर? पूर्वी समोर उभी विमानं असायची आणि अपघात ठरलेला. ब्रिटिश नौदलाच्या डेनिस कॅम्बेल यांनी युक्ती काढली, की उतरण्याची पट्टी जहाजाच्या सरळ रेषेत न ठेवता थोडी तिरकी आखायची. आकडा हुकला तर वैमानिक तसाच वेग वाढवून डाव्या बाजूने पुन्हा हवेत. साधी तिरकी रेघ, पण तिने किती जीव वाचवले असतील त्याची गणती नाही. विक्रांतला ही तिरकी पट्टी होती, वाफेची झेप होती आणि उतरणीचा कोन दाखवणारा आरसाही होता.

हे समजलं की १९७१ ची गोष्ट वेगळीच दिसू लागते. युद्ध तोंडावर आलं तेव्हा विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता. तडा म्हणजे वाफ कमी, वाफ कमी म्हणजे वेग कमी, वेग कमी म्हणजे पंखांवरची फुकटची हवा कमी. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वाराही मंद असतो. विक्रांतवरची अलिझे विमानं जड, त्यांना तर तो वारा फार गरजेचा. अशी लंगडी नौका लढाईत उतरवायची का, यावर नौदलात बराच खल झाला आणि शेवटी ती पूर्वेला पाठवली गेली. तिला शोधायला पाकिस्तानने गाझी ही पाणबुडी धाडली. भारताने आयएनएस राजपूत या जुन्या विनाशिकेला विशाखापट्टणमजवळ विक्रांतचं सोंग घ्यायला लावलं, आणि खरी विक्रांत अंदमानच्या बाजूला लपून राहिली. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमसमोर बुडाली. राजपूतच्या माऱ्याने बुडाली असं भारत सांगतो, आतल्या स्फोटाने बुडाली असं पाकिस्तान. बुडाली हे खरं. ४ डिसेंबरला विक्रांतवरून सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले सुरू केले आणि पूर्व पाकिस्तानचा समुद्राकडचा दरवाजा बंद झाला.

पुढे तिचं रूप बदललं. सी हॉक गेली, सी हॅरियर आली. ही विमानं थोडं धावून उडू शकत आणि उभी खाली उतरू शकत. विमान फेकणारी वाफेची यंत्रणा काढून टाकली आणि डेकच्या टोकाला पावणेदहा अंशांचा चढ बांधला. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली.

इथपर्यंत शौर्यकथा झाली. माझ्या मते खरी चित्तथरारक गोष्ट यानंतरची आहे, कारण यानंतरचा शत्रू गंज होता.

२००१ मध्ये विक्रांत संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. मुंबईच्या नौदल गोदीतच ती उभी होती, त्यामुळे वर्षातले काही ठरावीक दिवसच आत सोडत. रांगा लागत. तिकीट काढून माणसं हँगरमध्ये शिरत, विमानांशेजारी फोटो काढत. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ती बंद झाली, कारण तळाची अवस्था धोक्याची झाली होती. चालवायला कोणी खाजगी भागीदार मिळाला नाही, राज्य सरकारला खर्च झेपेना, नौदलाला गोदीतली जागा हवी होती. लिलावात सुमारे ६० कोटींना ती विकली गेली. वाचवण्यासाठी जनहित याचिका झाली. ती उच्च न्यायालयात फेटाळली गेली, मग सर्वोच्च न्यायालयातही. २०१४ च्या मे अखेरीस तिला मुंबईतल्याच दारूखाना या जहाजं मोडण्याच्या जागी ओढून नेलं आणि नोव्हेंबरात गॅस कटर लागला.

पाण्यात उभं असलेलं पोलाद मरतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. लोखंडाच्या अणूला इलेक्ट्रॉन सोडून देण्याची ओढ असते. खारं पाणी वीज वाहून नेतं, हवेतला प्राणवायू ते इलेक्ट्रॉन उचलायला टपलेला असतो. तिघं एकत्र आले की सगळा पत्राच अगणित सूक्ष्म विद्युत घटांचा बनतो आणि प्रत्येक घट लोखंड खात सुटतो. खोल पाण्यात हा वेग त्यातल्या त्यात बरा, कारण तिथे प्राणवायू कमी. सगळ्यात वाईट पट्टा पाण्याच्या रेषेवरचा. तिथे लाटेने पत्रा भिजतो, उन्हाने सुकतो, पुन्हा भिजतो, आणि मीठ वर साचत जातं. मुंबईची भरती-ओहोटी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्यात मिळवा.

यावर उपाय आहेत आणि ते सुंदर आहेत. जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात. जस्त लोखंडापेक्षा उतावीळ, ते आधी इलेक्ट्रॉन सोडतं. समुद्र जस्त खात बसतो तोवर पोलाद सुरक्षित. पण ठोकळे संपतात, बदलावे लागतात. रंगाचे थर उडतात, खरवडून पुन्हा द्यावे लागतात. तळाला शिंपले आणि बार्नेकल चिकटतात, ते काढावे लागतात. ही सगळी कामं नीट करायची तर जहाज सुक्या गोदीत घ्यायला हवं. सुकी गोदी म्हणजे समुद्राला दार असलेला एक अवाढव्य हौद. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं. जहाज लाकडी ओंडक्यांवर अलगद बसतं. दर काही वर्षांनी हे करावंच लागतं. शिवाय नौदलात असताना विक्रांतवर हजाराहून जास्त माणसं होती आणि त्यातली कितीतरी रोज कुठे ना कुठे गंज खरवडत, रंग लावत असत. संग्रहालय झाल्यावर ती गेली. जहाज तेच, समुद्र तोच, फक्त हजार जोड हात कमी झाले. नौकेच्या संग्रहालयाचा खर्च उद्घाटनाच्या दिवशी संपत नाही, त्या दिवशी सुरू होतो. आपल्याकडे अंदाजपत्रक मात्र उद्घाटनापर्यंतचं असतं.

दुसऱ्यांनाही हे सोपं गेलेलं नाही. न्यूयॉर्कमध्ये इंट्रेपिड ही विमानवाहू नौका १९८२ पासून संग्रहालय आहे. २००६ मध्ये दुरुस्तीसाठी तिला हलवायला गेले, तर ती गाळात इतकी रुतली होती की ओढनौका जोर लावून थकल्या आणि काम थांबवावं लागलं. गाळ उपसून महिन्याभराने तिला काढलं, दुरुस्त केलं आणि २००८ मध्ये परत आणून उभी केली. टेक्सास ही युद्धनौका १९४८ पासून पाण्यात उभी होती. गळती एवढी वाढली की पंप अखंड चालवावे लागत. २०२२ मध्ये तिला सुक्या गोदीत नेऊन शेकडो टन पोलाद बदलायला घेतलं. जपानने तर मिकासा या जुन्या युद्धनौकेचा प्रश्नच मिटवला. योकोसुकाला ती काँक्रीटमध्ये बसवून टाकली आहे, समुद्राचा संबंध नाही. ब्रिटनने व्हिक्टरी ही युद्धनौका १९२२ पासून सुक्या गोदीतच ठेवली. मात्र दुसऱ्या महायुद्धासाठी ब्रिटनने बांधायला घेतलेल्या विमानवाहू नौकांपैकी आज जगात एकही बघायला उरलेली नाही. विक्रांत त्या पिढीची होती, आणि आपण मोडली ती त्या पिढीतली संग्रहालय म्हणून जपलेली जगातली एकुलती एक होती.

आणि याच्या अगदी उलट उदाहरणही मुंबईचंच आहे.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. तिथे ट्रिंकोमाली नावाची तीन डोलकाठ्यांची लाकडी युद्धनौका पाण्यावर तरंगत उभी आहे. ब्रिटनमध्ये आजही तरंगणारी सगळ्यात जुनी युद्धनौका ती हीच. तिचं जन्मगाव मुंबई. १२ ऑक्टोबर १८१७ ला जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ती मुंबईच्या गोदीत बांधून पाण्यात सोडली. वाडिया घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३५ च्या सुमारास सुरतेहून मुंबईत आले आणि पिढ्यानपिढ्या या कुटुंबाने जहाजं बांधली. वर्ष नीट बघा. १८१७ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ खडकीची लढाई झाली. पेशवाईचे शेवटचे दिवस मोजले जात होते, तेव्हा ही बोट मुंबईत नुकतीच पाण्यात उतरली होती. ती अजून आहे.

ती होण्याआधीची कथाही मजेदार आहे. तिचे पहिले आराखडे इंग्लंडहून जावा नावाच्या युद्धनौकेवरून मुंबईला निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने जावाला गाठून तिचा चक्काचूर केला आणि आराखडे तिच्याबरोबर गेले. दुसरी प्रत यावी लागली, आणि प्रत्यक्ष काम १८१६ मध्ये सुरू झालं. आराखडे बुडवणारी कॉन्स्टिट्यूशनही आज बोस्टनमध्ये तरंगते आहे. तिच्या दुरुस्तीला ओक लागतो म्हणून अमेरिकन नौदलाने इंडियाना राज्यात ओकची झाडं राखून ठेवली आहेत. एका जहाजासाठी राखलेलं रान!

ट्रिंकोमाली टिकली ती मलबारच्या सागवानामुळे. ओकच्या लाकडात टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे आणि बोल्ट खातं. सागात तेल असतं. ते लाकडाला पाण्यापासून आणि किडीपासून जपतं आणि त्यातल्या लोखंडालाही गंजू देत नाही. आलापल्लीचं सागवान ज्यांनी हाताळलं आहे त्या पूर्व विदर्भातल्या सुतारांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय तळाला तांब्याचे पत्रे मारत. समुद्रात लाकूड पोखरणारा एक शिंपल्याच्या जातीचा प्राणी असतो, दिसायला अळीसारखा. त्याला तांबं म्हणजे विष.

पण सागवान हे अर्धंच उत्तर. दुसरं उत्तर म्हणजे ती कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडत राहिली. आधी पाव शतक राखीव म्हणून बांधून ठेवली, मग अटलांटिक आणि प्रशांत महासागरात फिरली, नंतर खलाशी पोरांना शिकवण्याची शाळा झाली. १८९७ मध्ये तीही भंगारवाल्याच्या हाती गेली होती. त्याच वर्षी जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाची शिकवणीची बोट, फूड्रॉयां, वादळात फुटली. त्याने बदल्यात ट्रिंकोमाली उचलली आणि तिला फूड्रॉयां नाव दिलं. १९८६ पर्यंत तिच्यावर मुलं शिडं ओढायला शिकत होती. १९८७ मध्ये ती हार्टलपूलला आली, तिथे तिची डागडुजी २००१ पर्यंत चालली, आणि मधेच तिला जुनं नाव परत मिळालं. म्हणजे ज्या वर्षी मुंबईत विक्रांत लोकांसाठी उघडली, त्याच वर्षी मुंबईच्या या लाकडी पोरीची दुरुस्ती पुरी झाली. एकीला एका तपाच्या आत कुलूप लागलं. दुसरीने द्विशताब्दी पाहिली.

विक्रांत ज्या नौदल गोदीत उभी होती, तिच्याच आवारात वाडियांच्या काळातल्या सुक्या गोद्या आहेत. १९७ वर्षांच्या अंतराने एक जहाज या परिसरात जन्मलं आणि एक इथूनच शेवटच्या वाटेला लागलं.

पुढे विराट या आपल्या दुसऱ्या विमानवाहू नौकेचंही विक्रांतसारखंच झालं. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ८५२ कोटींची योजना मंजूर केली, की सिंधुदुर्गात निवतीजवळ तिला उभी करून सागरी संग्रहालय करायचं. योजना कागदावर राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये ती मुंबईहून निघाली आणि अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत गेली. लिलावात तिची किंमत ३८ कोटी ५४ लाख आली होती.

निवतीचं नाव मात्र पुसलं गेलं नाही. गुलदार नावाची सैन्य उतरवणारी नौका, सुमारे ८४ मीटर लांब, पोलंडमध्ये बांधलेली, १२ जानेवारी २०२४ ला निवृत्त झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत नौदलाने ती कारवारला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवली. हिला समुद्रातून वाचवायचं नाही, समुद्रातच बुडवायचं अशी कल्पना आहे. आधी तेल, वायरी, विषारी पदार्थ काढून जहाज स्वच्छ करायचं, मग निवतीच्या खडकांजवळ तळाशी बसवायचं. खडबडीत पृष्ठभाग मिळाला की त्यावर शैवाल धरतं, शिंपले बसतात, मासे आसरा घेतात. पाणबुडे आणि पर्यटक खाली जाऊन बघतात. अमेरिकेने २००६ मध्ये ओरिस्कनी ही अख्खी विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ अशीच बुडवली. गंज इथेही लागणारच, पण दरवर्षी रंग द्यायची कटकट नाही. मला ही वाट प्रामाणिक वाटते. जे जपणं आपल्याला जमत नाही, ते माशांच्या स्वाधीन करावं.

विक्रांतचंच नाव घेतलेल्या नव्या विमानवाहू नौकेबद्दल एक आडवी गोष्ट सांगून टाकतो. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झालेल्या या नौकेचं खास पोलाद भारतात बनलं आणि ते देणाऱ्या कारखान्यांत आपल्या शेजारचं भिलाई आहे. पोलाद चिवट व्हायला मँगनीज लागतं, आणि तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी त्याच मँगनीजच्या. समुद्र लांब असला तरी जहाजाच्या कच्च्या मालाच्या बाबतीत भंडारा जिल्हा अगदीच परका नाही.

जपलेली युद्धनौका आत शिरून बघायचीच असेल, तर अड्याळकरांनी मुंबईचा हट्ट सोडावा. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर कुरसुरा ही पाणबुडी वाळूवर, काँक्रीटच्या आधाराने उभी आहे. सोव्हिएत बनावटीची, ९१ मीटर लांब, १९६९ ते २००१ नौदलात. निवृत्तीनंतर तिला किनाऱ्यावर खेचून आणायला मोठा खटाटोप करावा लागला, पण तो एकदाच. ९ ऑगस्ट २००२ ला या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. पाण्याबाहेर असल्यामुळे तिचा तळ कधीही तपासता येतो, आणि दोन दशकं उलटली तरी ती उभी आहे.

आत गेलात की पहिल्यांदा डोकं सांभाळा. सात कप्पे आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला गोल भोकासारखं दार. आधी एक पाय, मग वाकून डोकं, मग दुसरा पाय. एका कप्प्यात पाणी शिरलं तर बाकीचे वाचावेत म्हणून ही दारं अशी, घट्ट स्क्रूने बंद होणारी. पुढच्या टोकाला टॉर्पेडोच्या सहा नळ्या, मागे चार. पाऊणशेच्या आसपास माणसं इथे आठवडेच्या आठवडे राहत. वर असताना डिझेल इंजिनं चालवून बॅटऱ्या भरायच्या आणि पाण्याखाली त्या बॅटऱ्यांवर चालायचं, कारण खाली इंजिनाला हवा कुठून मिळणार? माहिती द्यायला निवृत्त नौसैनिकच असतात, त्यांना प्रश्न विचारा. पुस्तकात नसलेलं बरंच ते सांगतात. आणि गाझी बुडाली ती जागा याच किनाऱ्यासमोरच्या पाण्यात आहे.

भंडारा रोडहून रायपूरमार्गे रेल्वेने जाता येतं. शाळेची सहल न्यायची असेल तर वार बघून काढा, सोमवारी कुरसुरा बंद असते.